अंगापेक्षा दोन इंच

सायकल भंगारात गेली हे टेलरबाईंना कळलं तेव्हा त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या, आणि एका परीने ते बरंच झालं. कारण टेलरबाईंचा एक नेम होता. सकाळी अंघोळ करून देवापुढे हात जोडले की संध्याकाळी दिवा लागेपर्यंत कुणाला उणा शब्द बोलायचा नाही. दिवा लागल्यावर बोलायची मोकळीक होती, पण तोवर राग शिळा होऊन जाई, आणि शिळा राग कितीही तापवला तरी त्याला चव येत नाही असा त्यांचा अनुभव. म्हणून दिवसभराचा संताप त्या शिलाई मशीनवर काढीत. मशीन संथ चालत असेल तर घरात सगळं क्षेम आहे असं समजावं. ते धडधडू लागलं की त्यांचे यजमान पायांत चपला सरकवून हळूच जिना उतरत.

त्या दिवशी मशीन थांबायचं नाव घेईना. एका गिऱ्हाइकाच्या झग्याची एकच शिवण इतक्यांदा टीप मारून पक्की झाली की पुढे झगा फाटला असता, पण ती शिवण उसवली नसती.

सायकल वन्संची होती. वन्सं म्हणजे टेलरबाईंची थोरली नणंद. उभी हयात इस्पितळात नर्स म्हणून काढलेली, संसाराच्या फंदात न पडलेली, आणि धाकट्या भावाच्या घरात स्वतःच्या खोलीला स्वतःचं कुलूप लावून राहणारी. नोकरी संपली तरी त्यांची सकाळची फेरी संपली नव्हती. सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून त्या निघत आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची घरं घेत. कुणाची जखम धुवायची, कुणाला इंजेक्शन द्यायचं, कुणाला नुसतंच रागावून यायचं. वय एकाहत्तर. गुडघे भावापेक्षा बरे.

आणि भाऊ म्हणजे टेलरबाईंचे यजमान. पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होते. निवृत्त होऊन घरी बसले तरी त्यांच्या हाताची फायलींची चटक गेली नव्हती. टेबलावर आलेलं प्रकरण निकाली काढल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. आता टेबल नव्हतं, म्हणून ते घरातल्या वस्तू निकाली काढत. आधी जुना पंखा गेला, मग पाट्याचा वरवंटा गेला, आणि त्या सकाळी वन्सं अंघोळीला गेलेल्या असताना दारावर आलेल्या भंगारवाल्याला त्यांनी सायकल उचलून दिली.

का, तर ताई पडली असती म्हणून. ताई कधी पडली होती? नव्हती. पण त्यांच्या जुन्या साहेबांची मावशी पडली होती. ती सायकलवरून पडली का? नाही, स्टुलावरून. पण पडणं ते पडणंच, या वयात धोका पत्करण्यात अर्थ नाही, आणि ताईला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही. हे सगळं त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की टेलरबाईंवर टाचण्या गिळायची वेळ आली.

वन्सं काही बोलल्या नाहीत, हे सगळ्यात वाईट. भांडल्या असत्या तर घर दोन दिवस गाजलं असतं आणि निवळलं असतं. त्या नुसत्या आल्या, शिवणाच्या खोलीत खिडकीशी खुर्ची ओढून बसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून तिथेच बसू लागल्या.

आता ज्या बाईने चाळीस वर्षं वॉर्ड सांभाळला ती नुसती बसते होय? टेलरबाई गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावत आणि खुर्चीतून आवाज येई की मागच्या खेपेपेक्षा घेर वाढलाय, साखर तपासून घ्या. कुणी खांद्याचं माप द्यायला उभं राहिलं की एक खांदा खाली आहे, पाठीचा कणा दाखवून या. एका नवऱ्या मुलीला तर त्यांनी जीभ बाहेर काढायला लावली. बिचारी ब्लाउज शिवायला आली होती. ती गेली ती कापडही न्यायला परत आली नाही. टेलरबाईंच्या खोलीत माप द्यायला यायचं म्हणजे आजार घेऊन जायचं, असा लौकिक पसरू लागला.

तरी टेलरबाईंनी सोसलं. नेम सोसायला शिकवतो. पण एका दुपारी वन्सं आपली ती हँडलला अडकवायची पिशवी घेऊन आल्या. आतलं सगळं काढून, धुऊन, वाळवून, घडी घालून आणली होती. म्हणाल्या, "दोऱ्याची रिळं इकडेतिकडे लोळत असतात तुझी. यात ठेवत जा. मला आता कशाला लागते."

टेलरबाईंनी पिशवी घेतली. एक रीळ आत टाकलं आणि लगेच बाहेर काढलं. दोन गोष्टी त्यांना एकदम कळल्या. एक, की वन्संना पुन्हा सायकल मिळाली नाही तर ही बाई या खुर्चीतच विझणार. दोन, की ती विझेपर्यंत एकही गिऱ्हाईक उरणार नाही. यातली कुठली कळकळ मोठी होती ते देव जाणे. देवाने दोन्ही एकाच हृदयात घातल्या होत्या, त्याला टेलरबाईंचा इलाज नव्हता. त्यांनी ठरवलं की वन्संना नवी सायकल घ्यायची. आणि आधी सांगायचं नाही. एकदम दारात उभी करायची.

गुपित कुठवर राहणार. वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्या काकू फॉल लावायला साडी घेऊन आल्या आणि टेलरबाईंच्या तोंडून गोष्ट निसटली. बँकवाल्या काकूंना कशाचंही आश्चर्य वाटत नसे, त्यांना लगेच पर्याय सुचत. सायकल कशाला, आरामखुर्ची घ्या. सायकलच हवी तर जागच्या जागी फिरते ती घ्या, व्यायामही होतो आणि माणूस नजरेसमोर राहतं. टेलरबाईंनी अगदी मऊ आवाजात सांगितलं की जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवरून रोग्याच्या घरी पोचता येत नाही. यावर काकू म्हणाल्या की मग रोग्यांनाच घरी बोलवा. अंथरुणाला खिळलेल्यांना. टेलरबाईंनी साडीचा फॉल इतक्या बारीक टाक्यांनी लावला की काकू पुढे वर्षभर त्या कामाची तारीफ करत होत्या.

सायकलच्या दुकानात तर हद्द झाली. दुकानदार गल्ल्यामागे बसला होता. टेलरबाईंना पाहून त्याने प्रथम त्यांच्या मागे पाहिलं, मग त्यांच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, आणि विचारलं की साहेब गाडी लावताहेत का. साहेब नाहीत म्हटल्यावर त्याने आतून एक गुलाबी सायकल काढली. हँडलला झिरमिळ्या, मागे फुलपाखरू. नातीला आवडेल म्हणाला. नातीसाठी नाही, नणंदेसाठी, म्हटल्यावर त्याला फार आनंद झाला; कॉलेजात आहेत का त्या? टेलरबाईंनी वय सांगितलं. त्यावर त्याने सायकल हळूच मागे सरकवली, जणू म्हाताऱ्या माणसाच्या नुसत्या उल्लेखाने तिच्यावर चरा पडेल.

मग तो समजुतीच्या सुरात बोलू लागला. असल्या गोष्टी घरात बसून, चार माणसांत ठरवलेल्या बऱ्या. साहेबांशी एक शब्द बोलता येईल का? टेलरबाईंनी फोन लावून दिला. एवढ्याने काम होत असेल तर होऊ दे, असा त्यांचा साधा हिशेब. पण दोघा पुरुषांचं जे सूत जमलं ते काही तुटेना. दुकानदाराने ब्रेक समजावले, यजमानांनी पाण्याच्या पाइपांचा गंज समजावला, आणि शेवटी रंग कुठला घ्यावा यावर दोघांचं एकमत झालं: राखाडी, मळखाऊ. ही सायकललाच विरोध असलेल्या माणसाची निवड. टेलरबाई स्टुलावर बसून मनात जप करीत होत्या. जपाची माळ पुरी होण्याआधीच रंग ठरून गेला.

"मापाची बनवून देतो," फोन ठेवून दुकानदार म्हणाला. "फ्रेम कारखान्यातून मापाप्रमाणे येते. फक्त त्यांच्या पायाची आतल्या बाजूची लांबी लागेल. घेऊन या त्यांना."

आणि इथे टेलरबाईंचा चेहरा प्रथमच उजळला. ज्या बाईला दुकानातल्या स्टुलाइतकीही किंमत कुणी दिली नव्हती, तिच्या प्रांतात अखेर गोष्ट आली होती. माप. माणूस कशाला आणायला हवं? वन्संच्या सायकलवर फेरीला घालायच्या पँटी गेली कित्येक वर्षं त्याच शिवत होत्या. आतली लांबी त्यांना झोपेतून उठवून विचारली तरी सांगता आली असती. त्यांनी ती सांगितली. दुकानदार जरा चपापला, म्हणाला, एवढी? उंच दिसताहेत. टेलरबाई त्याच्याकडे पाहून हसल्या, पंडिताने पोराकडे पाहून हसावं तशा. म्हणाल्या, "अहो, माप कसं घेतात ते मला सांगू नका."

आता खरं सांगायचं तर त्यांनी दिलं ते पँटीचं माप होतं, पायाचं नव्हे. टेलरबाईंच्या धंद्याचं पहिलं वचन असं, की कमी पडलं तर जोडता येत नाही, जास्त झालं तर आत घेता येतं. म्हणून अंगापेक्षा दोन इंच जास्त धरायचे: काही खालच्या दुमडीला, काही पहिल्या धुण्यात कापड आटेल त्याला. तीस वर्षांत या दोन इंचांनी त्यांना कधी दगा दिला नव्हता. पण तीस वर्षांत त्यांनी लोखंडाचं काहीच शिवलं नव्हतं.

सायकल यायला वेळ होता, तेवढ्यात जागेचा प्रश्न निघाला. इमारतीच्या आवारात प्रत्येक घराला एका दुचाकीची जागा होती, आणि टेलरबाईंच्या जागेत यजमानांची स्कूटर उभी होती. ती चालू होत नसे, पण निकाली काढायच्या वस्तूंत यजमानांच्या स्वतःच्या वस्तू येत नसत. टेलरबाई सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेल्या. सेक्रेटरी सज्जन गृहस्थ. नियमापलीकडे त्यांना पापही करता आलं नसतं. त्यांनी सांगितलं की जिन्याखाली सायकल ठेवता येते, विनामूल्य, पण फक्त लहान मुलांची. मोठ्या माणसाची सायकल हे वाहन होतं. लहान मुलाची सायकल ही खेळणं होती. वन्संची कोणती समजायची?

वाहन, म्हणाल्या टेलरबाई. मग जागा नाही. बरं, मग खेळणं समजा. तसं समजायला हरकत नव्हती, पण मग मुलाचं इयत्तेसह नाव लागेल, आणि पालकांची हमी. जिना चढता-उतरता कुणाला चाक लागलं तर पालक जबाबदार. टेलरबाईंनी विचारलं की एकाहत्तर वर्षांच्या बाईचा पालक कोण असतो. सेक्रेटरींनी यावर डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, घरातला कर्ता पुरुष. म्हणजे वन्संनी ज्याला लहानपणी नाक शिंकरायला शिकवलं, तो हेडक्लार्क. त्याने त्याच संध्याकाळी हमी दिली, आणि देताना म्हणाला की ताईची जबाबदारी शेवटी आपल्यालाच घ्यावी लागते. दिवा लागायला थोडाच अवकाश होता. टेलरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, ओठ मिटले आणि दोन उशांचे अभ्रे एका दमात शिवून काढले. दिवा लागला तेव्हा बोलायला त्यांच्यात जीवच उरला नव्हता.

शेवटी ती सकाळ उगवली. टेम्पोतून सायकल उतरली. राखाडी असली तरी देखणी होती, पुढे टोपली, नवी कोरी घंटा. बँकवाल्या काकू खाली आल्या, सेक्रेटरी चाकांचा घेर डोळ्यांनी मोजत उभे राहिले, यजमान हाताची घडी घालून जिन्यात. टेलरबाई वर जाऊन वन्संना घेऊन आल्या. काही सांगितलं नाही, नुसतं चला म्हणाल्या.

वन्सं दारात थबकल्या. सायकलकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं. चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहायला टेलरबाईंनी जपाच्या दहा माळा दिल्या असत्या. मग वन्संनी बाह्या वर सारल्या, सायकल धरली, पाय टाकला, आणि सीटवर बसल्या.

म्हणजे बसल्या त्या बसल्याच. दोन्ही पाय अधांतरी. डावा पाय जमीन शोधत होता, उजवा पाय पॅडल शोधत होता, आणि दोघांनाही काही सापडत नव्हतं. यजमानांनी मागून कॅरियर धरलं म्हणून बरं. टेलरबाईंनी सीट खाली करायला सांगितली. ती आधीच तळाला टेकली होती. तोल जाऊन वन्संची चप्पल गळून पडली, ती सेक्रेटरींनी उचलून हातात धरली आणि पुढे काय करावं हे नियमात नसल्याने तशीच धरून राहिले.

"मी म्हटलं होतं ना, आरामखुर्ची," बँकवाल्या काकू म्हणाल्या.

यजमानांनी एक हात कॅरियरवर ठेवून दुसऱ्या हाताने काकूंकडे बोट केलं.

टेलरबाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. चूक होणं त्यांना मान्य होतं, देवाच्या हातूनही होते. पण मापात? त्या पुढे झाल्या, गळ्यातला टेप काढला आणि चारचौघांत वन्संचा पाय मोजला. दोन इंच कुठून आले ते त्यांना तिथल्या तिथे कळलं आणि कानशिलं तापली. पण फरक तीन इंचांच्याही वर निघाला. त्यांनी पुन्हा टेप लावला. पुन्हा तेच. कापड आटतं म्हणून जास्त धरायचं, हे त्या तीस वर्षं करीत आल्या होत्या. त्याच जुन्या मापाने पँट शिवून देत होत्या, वन्सं खालून दुमडून घालत होत्या, आणि दुमड वर्षावर्षाला रुंद होत होती, हे मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. माणूसही आटतं.

टेप हातात तसाच राहिला. राग कुणावर काढावा ते कळेना, आणि ही अवस्था टेलरबाईंना अगदी नवी होती.

वन्सं खाली उतरल्या. म्हणजे उतरवून घेतल्या गेल्या. सेक्रेटरींच्या हातातून चप्पल घेऊन पायात घातली आणि विचारलं, "माप कुणी दिलं?"

"मी," टेलरबाई म्हणाल्या.

"रंग?"

टेलरबाईंनी जिन्याकडे पाहिलं. पुन्हा तिथे जाऊन उभ्या राहिलेल्या यजमानांनी हाताची घडी सोडली.

"छान," वन्सं म्हणाल्या. "एकाने न विचारता विकली, दुसरीने न विचारता घेतली. तुमचा संसार इतकी वर्षं कसा टिकला ते आज कळलं मला. आणि हे काय, माझ्या नावापुढे इयत्ता कुठली लावलीय?"

इयत्तेची गोष्ट त्यांच्यापर्यंत कशी पोचली ते कुणी सांगितलं नाही. बँकवाल्या काकू एकाएकी वर गेल्या एवढं खरं. टेलरबाईंना वाटलं, आता वन्सं भडकतील आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसतील, ते कायमच्या. पण वन्सं भडकल्या आणि बसल्या नाहीत. कित्येक महिन्यांनी त्यांच्या आवाजाला तो जुना वॉर्डातला खणखणीतपणा आला होता. म्हणाल्या, धर ते हँडल आणि चल माझ्याबरोबर.

तर ती उंच सायकल ढकलत टेलरबाई भर बाजारातून चालत निघाल्या. पुढे वन्सं, मागे त्या. ओळखीचं प्रत्येक माणूस विचारी की नवी घेतली वाटतं, चालवत का नाही? टेलरबाई मान हलवीत. नेम माणसाला देवाजवळ नेतात असं म्हणतात. त्या दिवशी त्या बऱ्याच जवळ पोचल्या असाव्यात.

दुकानदाराने सवयीप्रमाणे दोघींच्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मापाचा माल परत घेत नाही, हे त्याने आल्या आल्या सांगून टाकलं. वन्संनी त्याचं बोलणं ऐकलंच नाही. त्या दुकानभर फिरल्या. एकेका सायकलचा ब्रेक दाबला, चाक उचलून फिरवलं, सीटवर टेकून टाचा जमिनीला लावून पाहिल्या. गुलाबी सायकलवरसुद्धा बसल्या, फुलपाखरू पाहून उतरल्या. एक लाल, ठेंगणी, मजबूत कॅरियरची त्यांना पसंत पडली. ती बाहेर काढली, म्हणाल्या, जरा चालवून बघते, आणि गेल्या.

दुकानदार वाट पाहत राहिला. त्याला वाटलं, कोपऱ्यापर्यंत जाऊन येतील. मग वाटलं, चौकापर्यंत. मग त्याने घाम पुसला आणि टेलरबाईंकडे असं पाहिलं, जणू त्या गहाण ठेवलेल्या आहेत आणि त्यांची किंमत सायकलइतकी भरेल की नाही याची त्याला शंका आहे. पडल्याबिडल्या तर नसतील, असं तो म्हणालाही.

"पडल्या नाहीत," टेलरबाई म्हणाल्या. "दोन-चार घरं करून येतील. पहिल्या घरी रागावतात, दुसऱ्या घरी चहा घेतात."

शिवणाच्या खोलीतली खिडकीजवळची खुर्ची आता रिकामी असेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि ती भिंतीकडे सरकवून तिथे इस्त्रीचं टेबल घालावं असंही लगेच मनात आलं.

दुकानदाराने सुस्कारा सोडला आणि उंच राखाडी सायकलवरून हात फिरवला. लाल विकली गेली हे त्याने ओळखलं होतं. प्रश्न आता हिचा होता. तो टेलरबाईंच्या उंचीकडे पाहू लागला, आणि त्या दुकानात प्रथमच त्याने त्यांच्या मागे न पाहता थेट त्यांना विचारलं. "बाई, तुम्हाला हवी का ही? तुम्हाला बसेल."

टेलरबाई स्टुलावर जरा सावरून बसल्या. सगळ्या प्रकरणात त्यांना काय हवं हे विचारणारा हा पहिला माणूस. त्यांनी घाई केली नाही. टोपली पाहिली, घंटा एकदा वाजवून पाहिली, पुन्हा एकदा वाजवली. मग मनापासून, अगदी तृप्त होऊन म्हणाल्या, "नको."

"मग साहेबांना?" दुकानदार म्हणाला. "उंच आहेत ना ते? फोन लावतो. विचारून घेऊ."

"विचारायचं काय त्यात," टेलरबाई गोड आवाजात म्हणाल्या. "आमच्या घरात ती पद्धत नाही. पाठवून द्या. आणि घरी एक स्कूटर आहे, ती टेम्पोवाल्याला परतताना भंगारात नेऊन टाकायला सांगा."